शस्त्रक्रियेआधीचे पाच दिवस : एका बायपासच्या खर्चाचा प्रकरण अभ्यास

सोलापूर शहरातील एका यंत्रमाग कारखान्यात काम करणाऱ्या ५४ वर्षांच्या कामगाराला रात्रपाळीत छातीत दुखू लागले आणि सहकाऱ्यांनी त्याला रिक्षात घालून सर्वांत जवळच्या खाजगी रुग्णालयात नेले. ईसीजी व रक्ततपासणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेल्याचे दिसले, रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल झाला आणि दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी करण्यात आली. तीत हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा व अन्य तीन धमन्यांतही अडथळे आढळले. अशा वेळी स्टेंट बसवण्यापेक्षा बायपास शस्त्रक्रिया अधिक योग्य ठरते, हे डॉक्टरांचे मत नंतर दुसऱ्या रुग्णालयातील शल्यविशारदांनीही मान्य केले. उपचाराच्या दिशेबद्दल त्यामुळे या प्रकरणात वाद नव्हता. प्रश्न होता तो ३ लाख ४० हजार रुपयांच्या अंदाजपत्रकाचा. ओळख पटू नये यासाठी या लेखात कुटुंबाचे व दोन्ही रुग्णालयांचे काही तपशील बदलले असून रकमा पूर्णांकात दिल्या आहेत.

कुटुंबात पती, पत्नी व एक मुलगा. पतीची यंत्रमागावरील मजुरी महिन्याला सुमारे ११ हजार रुपये होती. पत्नी घरी विड्या वळते आणि तिला महिन्याकाठी तीन-सव्वातीन हजार मिळतात. मुलगा काही महिन्यांपूर्वीच पुण्याजवळच्या एका गोदामात ठेकेदारामार्फत कामाला लागला होता आणि त्याचा पगार १७ हजार होता. आरोग्य विमा कोणीही उतरवलेला नव्हता. दाखल करतेवेळी मागितलेले ५० हजार रुपये मालकाकडून घेतलेली २० हजारांची उचल आणि पत्नीने वेळेआधी उचललेली ३० हजारांची भिशी यांतून भरण्यात आले. अँजिओग्राफीचा निष्कर्ष आल्यावर शस्त्रक्रियेआधी आणखी एक लाख जमा करण्यास सांगण्यात आले. पत्नीचे दागिने पतसंस्थेत तारण ठेवायचे, उरलेले अडीच लाख ओळखीच्या एका सावकाराकडून तीन रुपये शेकड्याने आणायचे, असे घरात जवळपास ठरले. प्रस्तुत लेखक रुग्णांना शासकीय योजनांबाबत मार्गदर्शन करतो आणि कुटुंबाशी त्याचा संबंध या टप्प्यावर आला.

तीन रुपये शेकडा हा दर ऐकायला किरकोळ वाटतो, कारण तो महिन्याचा असतो. वर्षाला तो ३६ टक्के होतो, म्हणजे अडीच लाखांवर दरमहा साडेसात हजार रुपये नुसते व्याज. ज्या घरातला मुख्य कमावता माणूस पुढचे किमान दोन-तीन महिने मागावर उभा राहू शकणार नव्हता, त्या घराने पत्नीच्या मिळकतीच्या दुपटीहून अधिक रक्कम फक्त व्याजापोटी द्यायची होती. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही आणि परवानाधारकालाही शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून तारण कर्जावर वर्षाला १५ व विनातारण कर्जावर १८ टक्क्यांपेक्षा अधिक व्याज घेता येत नाही. रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसाला कायद्याची ही कलमे सुचत नाहीत. त्याला फक्त एवढेच ऐकू येते की, पैसे आज मिळतील.

परंतु कर्जाचा दर हा या निर्णयातला सर्वांत मोठा धोका नव्हता. महाराष्ट्रात अशा शस्त्रक्रियेसाठी उपलब्ध असलेली बहुतेक मदत रुग्णाच्या हातात येत नाही. ती रुग्णालयाला मिळते किंवा बिलातून वजा होते, आणि तीही उपचार होण्यापूर्वी मंजूर झाली असेल तरच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रोकडरहित असून ती केवळ तिच्या यादीवरील रुग्णालयात लागू होते, आणि अन्यत्र भरलेले बिल नंतर तिच्याकडून परत मिळत नाही. मुख्यमंत्री साहाय्यता निधीतूनही झालेल्या खर्चाची प्रतिपूर्ती होत नाही. धर्मादाय रुग्णालयातील सवलत बिलावर लागते आणि बिल चुकते झाले की तिचा विषय संपतो. म्हणजे कर्ज काढून शस्त्रक्रिया उरकायची आणि मग सवडीने मदतीच्या मागे लागायचे, हा सामान्य माणसाला स्वाभाविक वाटणारा क्रम नेमका उलटा आहे. रोख रक्कम भरली जाताच एकेक दार बंद होत जाते. या कुटुंबाने ५० हजार भरले होते व ते गेल्यातच जमा होते. उरलेले जवळपास तीन लाख भरायचे बाकी असल्यामुळेच काही करण्यासारखे उरले होते.

पहिला प्रश्न वैद्यकीय होता आणि तो पैशाच्या प्रश्नाइतकाच निर्णायक ठरला : शस्त्रक्रिया नेमकी कधी व्हायला हवी? कुटुंबाची समजूत अशी होती की ती उद्याच व्हायला हवी, नाहीतर माणूस हाताचा जाईल. केसपेपर पाहिल्यावर दिसले की, झटक्याचे निदान होताच रुग्णाला रक्त गोठू न देणारी क्लोपिडोग्रेल ही गोळी मोठ्या मात्रेत देण्यात आली होती, आणि ते योग्यच होते. मात्र या औषधाचा अंमल असताना छाती उघडली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून रुग्ण स्थिर असेल, तर ते बंद करून साधारण पाच दिवस थांबून बायपास करण्याचा प्रघात आहे. तोवर ॲस्पिरिन व हेपरिन चालू ठेवतात. हृदयरोगतज्ज्ञांना थेट विचारल्यावर त्यांनी हे मान्य केले. रुग्णाला घरी पाठवता येणार नाही, छातीत पुन्हा दुखू लागले तर वाट न पाहता शस्त्रक्रिया करावी लागेल, पण तसे घडले नाही तर चार-पाच दिवस आहेत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ही माहिती कोणी लपवलेली नव्हती. ती कोणी विचारली नव्हती, एवढेच. अंदाजपत्रक हाती आल्यावर बहुतेक नातेवाईक रकमेबद्दल प्रश्न करतात आणि मुदतीबद्दल विचारायचे राहून जाते.

या मुदतीत कोणकोणती दारे ठोठावता येतील, याची छाननी करण्यात आली. मुलाच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी कापली जात होती. दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना ही योजना लागू असून अवलंबून असलेले आई-वडील तिच्या लाभात येतात, त्यामुळे प्रथम आशा याच योजनेवर होती. मात्र आई-वडिलांना अवलंबित मानण्यासाठी त्यांच्या मासिक उत्पन्नावर ९ हजार रुपयांची मर्यादा आहे आणि वडिलांची मजुरी तिच्यापेक्षा अधिक होती. शिवाय मुलाची नोकरी नवी होती आणि अशा मोठ्या उपचारांसाठी कामगाराच्या सेवेच्या व वर्गणीच्या कालावधीची अटही असते. तो मार्ग तेथेच संपला.

मुख्यमंत्री साहाय्यता निधीतून ठरावीक गंभीर आजारांसाठी मदत दिली जाते व त्यांत हृदयरोगाचा समावेश आहे. परंतु त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असावे लागते. तहसील कार्यालयाकडून मिळालेल्या दाखल्यात मागील आर्थिक वर्षाचे उत्पन्न १ लाख ७२ हजार रुपये दाखवले होते, कारण त्या वर्षी मुलगा कमावत नव्हता. बारा हजारांनी संधी हुकली. या टप्प्यावर एका परिचिताने दीड लाखाचा दाखला आणून देतो, असे सुचवले. तसा दाखला घेणे हा गुन्हा आहे, हे तर आहेच. त्याखेरीज, एका अर्जाला जोडलेला दाखला दुसऱ्या अर्जातील दाखल्याशी जुळला नाही की दोन्ही अर्ज संशयात अडकतात आणि पाच दिवसांत निस्तरता न येणारी गुंतागुंत निर्माण होते. कुटुंबाने ती सूचना नाकारली. तसेही या निधीचा उद्देश इतर योजनांत न बसणाऱ्या रुग्णाला हात देण्याचा आहे. ज्याला जन आरोग्य योजना लागू होते, त्याने आधी तिकडे जावे, हीच अपेक्षा असते.

तिसरे दार धर्मादाय रुग्णालयाचे होते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी जमा केली जाते. सध्या निर्धन रुग्णासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार व दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. ज्या १ लाख ७२ हजारांच्या दाखल्यामुळे मुख्यमंत्री निधीचा मार्ग अडला, त्याच दाखल्यावर रुग्ण येथे निर्धन गटात बसत होता. मुलाचा चालू पगार धरला असता, तर हेच कुटुंब पावणेचार लाखांवर जाऊन दोन्ही गटांबाहेर पडले असते. नुकत्याच लागलेल्या ठेकेदारी नोकरीमुळे घर सधन होत नाही. तरीही दाखला कोणत्या वर्षाचा आहे, यावर इतका मोठा फरक अवलंबून असतो. तातडीच्या स्थितीत आलेल्या रुग्णाकडे धर्मादाय रुग्णालयाने अनामत रक्कम मागू नये, अशी स्पष्ट तरतूद याच योजनेत आहे. पहिले रुग्णालय मात्र धर्मादाय नव्हते, त्यामुळे तेथे या तरतुदीचा आधार नव्हता.

आणि चौथे, खरे तर पहिले ठोठावायला हवे होते ते दार महात्मा फुले योजनेचे. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती सुरू झाली, पुढे राज्यभर विस्तारली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. अलीकडचा मोठा बदल असा की, १ जुलै २०२४ पासून प्रति कुटुंब प्रति वर्ष पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले आणि पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेबरोबरच पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबेही तिच्या कक्षेत आली. उत्पन्नाचा दाखला हा या योजनेचा पायाच राहिलेला नाही. या कुटुंबाला हे ठाऊक नव्हते. ‘आमचे केशरी कार्ड आहे, पण धान्य बंद झाले आहे, म्हणजे कार्ड मेले,’ असे पत्नीचे म्हणणे होते. धान्य मिळत नसले तरी शिधापत्रिका वैध असू शकते, आणि या योजनेसाठी महत्त्वाचा असतो तो तिचा ऑनलाइन नोंदलेला बारा अंकी क्रमांक.

बायपास शस्त्रक्रिया या योजनेच्या उपचार यादीत आहे. पहिले रुग्णालय योजनेच्या यादीवर नव्हते. शहरातच असलेले, विश्वस्त संस्थेचे दुसरे एक रुग्णालय योजनेच्या यादीवरही होते आणि धर्मादायही. म्हणून तेथे हलवण्याचा निर्णय झाला. त्यामागचा विचार असा होता की, मुख्य खर्च जन आरोग्य योजनेतून व्हावा आणि तिच्यात न बसणारे काही निघाले, तर त्याच छताखाली निर्धन रुग्ण निधीकडे अर्ज करता यावा. दोन वेगळ्या रुग्णालयांत हे जमले नसते. स्थलांतरापूर्वी त्या रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला भेटून खाट व शस्त्रक्रियेची तारीख दोन्ही मिळणार असल्याची खात्री करून घेण्यात आली. रुग्ण हलवल्यावर ‘खाट नाही’ असे ऐकावे लागणे डाव्या मुख्य धमनीच्या रुग्णाला परवडणारे नसते.

स्थलांतर सोपे झाले नाही. पहिल्या रुग्णालयाचे एकूण बिल ५८ हजार झाले होते. उरलेले आठ हजार मुलाने मित्राकडून घेऊन भरले. अँजिओग्राफीची सीडी मात्र नंतर न्या, असे सांगण्यात आले. येथे ठाम राहावे लागले. ही सीडी नसेल तर नवे रुग्णालय शस्त्रक्रियेचे नियोजन करू शकत नाही, योजनेची पूर्वमंजुरीही तिच्यावरच अवलंबून असते, आणि ती मिळाली नाही तर तपासणी पुन्हा करावी लागून रुग्णाच्या मूत्रपिंडांवर तपासणीसाठी टोचल्या जाणाऱ्या रंगद्रव्याचा भार दुसऱ्यांदा पडतो. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेले वैद्यकीय अभिलेख ७२ तासांत द्यावे लागतात. तसा लेखी अर्ज दिल्यावर सीडी व उपचारांचे सारांशपत्र त्याच संध्याकाळी मिळाले. रुग्णाला १०८ क्रमांकाच्या, प्राणवायू व मॉनिटर असलेल्या रुग्णवाहिकेतून हलवण्यात आले.

नव्या ठिकाणी अडचण आली ती नावाची. आधार कार्डावर रुग्णाचे पूर्ण नाव होते, शिधापत्रिकेवर घरात हाक मारतात ते नाव. संगणकाने दोन्ही नावे जुळवून घेतली नाहीत. अशा वेळी अनेक कुटुंबे रोखीने दाखल होतात आणि कार्ड दुरुस्त झाले की बघू, असे म्हणतात. पुढचे सगळे तेथेच बिघडते. आणीबाणीच्या रुग्णासाठी योजनेत दूरध्वनीवरून सूचना देऊन तात्पुरती मंजुरी घेण्याची आणि कागदपत्रे ठरलेल्या मुदतीत नंतर सादर करण्याची सोय आहे. आरोग्यमित्राने ती वापरली आणि मुलाने दरम्यान तहसीलच्या पुरवठा शाखेतून एकच व्यक्ती असल्याचे पत्र आणले. पूर्वमंजुरीच्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांनी शंका काढून टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, अहवाल मागितला. तो त्याच दिवशी अपलोड झाला म्हणून विलंब टळला. शंकेला उत्तर देणे रुग्णालयाचे काम असले, तरी नातेवाइकाने दिवसातून दोनदा आरोग्यमित्राकडे जाऊन प्रकरण कोठे अडले आहे, हे विचारत राहणे उपयोगी पडते. कागद हलायला माणूस लागतो.

पत्नीने या धावपळीत आणखी दोन ठिकाणी विचारणा केली होती. मुंबईच्या श्री सिद्धिविनायक मंदिर न्यासाप्रमाणे वैद्यकीय मदत देणाऱ्या धर्मादाय संस्थांना रुग्णालयाच्या शीर्षपत्रावरील अंदाजपत्रक लागते, आणि योजनेखाली दाखल झालेल्या रुग्णाला तसे अंदाजपत्रक मिळण्याचे कारण उरत नाही. मुलाच्या मित्रांनी समाजमाध्यमांतून लोकवर्गणी गोळा करण्याची तयारी केली होती. तीही थांबवण्यात आली. ज्या खर्चाची सोय झाली आहे त्यासाठी पैसे मागणे योग्य नव्हते, आणि रुग्णाचे छायाचित्र व अहवाल एकदा सर्वत्र पसरले की परत घेता येत नाहीत.

शस्त्रक्रिया क्लोपिडोग्रेल थांबवल्यापासून सहाव्या दिवशी झाली. तीन ठिकाणी बायपास करण्यात आले. दोन दिवसांनंतर परिचारिका कक्षातून काही औषधे बाहेरून आणण्यास सांगण्यात आले व मुलाने साडेतीन हजार रुपये दिले. योजनेच्या पॅकेजमध्ये औषधे, साहित्य, तपासण्या, रक्त व रुग्णाचे जेवण समाविष्ट असते. रुग्णाला घरी जाण्यासाठी एसटीचे अथवा रेल्वेच्या द्वितीय श्रेणीचे भाडेही तीत धरलेले आहे. पावती घेऊन आरोग्यमित्राकडे लेखी तक्रार केल्यावर त्याने ती जिल्हा समन्वयकाकडे पाठवली आणि घरी सोडण्यापूर्वी रक्कम परत मिळाली. पावती नसती तर तक्रारीला काहीच आधार नव्हता. निर्धन रुग्ण निधीकडे जाण्याची वेळ आली नाही.

शस्त्रक्रियेपोटी कुटुंबाला दुसऱ्या रुग्णालयात एक रुपयाही द्यावा लागला नाही, दागिने घरात राहिले आणि सावकाराकडे जावे लागले नाही. तरीही हिशेब शून्यावर आला नाही. पहिल्या रुग्णालयाचे ५८ हजार, सोबतच्या माणसांचे जेवण, रिक्षा आणि मुलाचे बुडालेले दिवस मिळून सुमारे २० हजार, आणि छातीचे हाड जुळेपर्यंत ओझे उचलण्यास मनाई असल्यामुळे तीन महिन्यांची बुडालेली मजुरी ३३ हजार, असा एक लाखाहून अधिक भार घरावर पडलाच. मजुरीच्या या नुकसानीला वर पाहिलेल्यांपैकी या रुग्णाला लागू असलेली कोणतीही योजना हात लावत नाही. कर्मचारी राज्य विम्यात आजारपणाचा रोख लाभ आहे, पण रुग्णाचा कारखाना त्या विम्याखाली नव्हता. मागावर दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या माणसाला बरे होण्याचा काळ शस्त्रक्रियेइतकाच महाग पडतो, आणि अंदाजपत्रकात त्याची ओळ नसते.

भिशीचे हप्ते मुलाच्या पगारातून जात आहेत. मालकाने उचलीची कपात रुग्ण कामावर येईपर्यंत थांबवण्याचे कबूल केले आहे. घरी सोडताना लिहून दिलेल्या गोळ्यांपैकी बहुतेक जनऔषधी केंद्रातून घेतल्या जातात. पत्नीकडे विडी कामगाराचे ओळखपत्र आहे. विडी कामगार कल्याण निधी अधिनियम, १९७६ खालील योजनांत हृदयरोगासह काही गंभीर आजारांच्या खर्चासाठी साहाय्याची तरतूद असून, इतर मार्गांपेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे तेथे झालेल्या खर्चाची प्रतिपूर्ती मागता येते. पहिल्या रुग्णालयाची मूळ बिले, सारांशपत्र व ओळखपत्राची प्रत जोडून विडी कामगारांच्या दवाखान्यामार्फत ५८ हजारांसाठी अर्ज केलेला आहे. पतीच्या उपचारासाठी पत्नीच्या ओळखपत्रावर ही रक्कम मंजूर होते की नाही, याचा निर्णय कल्याण आयुक्त कार्यालयाकडून अद्याप यायचा आहे.